अठरावे वर्ष उलटल्यावर या हृदयांकडे कोण पाहणार?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर दर काही महिन्यांनी एक छायाचित्र छापून येते. मुंबईला शस्त्रक्रियेसाठी निघालेली पंधरा-वीस बालके, त्यांना कडेवर घेतलेल्या आया, मागे उभी असलेली बस आणि हिरवा झेंडा दाखवणारे पाहुणे. खाली ओळ असते : हृदयाला छिद्र असलेल्या बालकांवर मोफत शस्त्रक्रिया. ही बातमी मी दर वेळी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, कारण 1997 साली, वयाच्या सातव्या वर्षी मीही अशीच मुंबईला गेले होते. तेव्हा झेंडा नव्हता, आणि खर्च वडिलांनी साखर कारखान्याच्या कामगार पतसंस्थेतून कर्ज काढून भागवला होता. या बातम्यांबद्दल आपले मनापासून आभार मानते आणि त्यांत कधीच न येणाऱ्या एका गोष्टीकडे लक्ष वेधते. ही बालके मोठी होतात, आणि मोठी झाल्यावर त्यांच्या हृदयाची काळजी घेणे हे आपल्या आरोग्यव्यवस्थेत कोणाचेच ठरलेले काम नाही.

माझ्या दोषाचे नाव टेट्रालॉजी ऑफ फॅलो. फ्रान्समधील मार्से शहरातल्या फॅलो नावाच्या डॉक्टरांनी 1888 साली त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून हे नाव. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद, महाधमनीचे मूळ त्या छिद्रावर सरकलेले आणि या सगळ्यामुळे उजव्या कप्प्याची भिंत जाड झालेली, असे हे चार दोष एकत्र येतात. रडले की माझे ओठ निळे पडत. अंगणात खेळताना मी मधेच उकिडवी बसत असे आणि आजी त्याला माझी खोड समजत असे. पुढे डॉक्टरांनी सांगितले की उकिडवे बसल्याने पायांकडे जाणाऱ्या रक्ताला अडथळा होतो आणि अधिक रक्त फुप्फुसांकडे वळते. म्हणजे कोणी न शिकवता माझे शरीर स्वतःपुरता इलाज करत होते. शस्त्रक्रियेत छिद्रावर ठिगळ लावले गेले आणि अरुंद वाट मोकळी केली गेली. गावी परतल्यावर माझे ओठ गुलाबी झालेले पाहायला शेजारपाजारच्या बायका आल्या होत्या. 'ऑपरेशन झाले, पोर बरी झाली,' हे वाक्य त्यानंतर आमच्या घरात इतक्या वेळा उच्चारले गेले की आम्हा सर्वांचाच त्यावर विश्वास बसला.

ते वाक्य अर्धेच खरे होते, आणि उरलेले अर्धे आम्हाला कोणी सांगितले नाही. वाट मोकळी करताना अनेक मुलांमध्ये फुप्फुसधमनीच्या झडपेलाच छेद द्यावा लागतो. त्याशिवाय मूल वाचत नाही, त्यामुळे शल्यविशारदांचा यात काही दोष नाही. परंतु अशी झडप पुढे आयुष्यभर गळते. फुप्फुसांकडे ढकललेले रक्त दर ठोक्याला थोडे परत येते, उजव्या कप्प्याला तेच रक्त पुन्हा उपसावे लागते आणि वर्षानुवर्षे हे काम करून तो फुगत जातो. यात दुखत नाही, ताप येत नाही, वीस-पंचवीस वर्षे काहीच जाणवत नाही. जाणवू लागते तेव्हा पुष्कळदा कप्पा मूळ आकारात परतण्याची वेळ निघून गेलेली असते, किंवा हृदयाची लय बिघडलेली असते. म्हणूनच कोणताही त्रास नसतानाच दरवर्षी-दोन वर्षांनी जाणकार डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी लागते. तेराव्या वर्षापर्यंत माझी तपासणी नियमित झाली. त्यानंतर तपासणारे डॉक्टर बदलले, वडिलांची रजा संपली, मला दहावीचे वर्ष आले, आणि 'आता काही गरज नाही' असे समजून आम्ही जाणे थांबवले. बोलावणारे कोणीच नव्हते.

2021 मध्ये जिना चढताना छातीत धडधड होऊ लागली, एकदा डोळ्यांपुढे अंधारी आली. पहिल्या डॉक्टरांनी पित्ताची औषधे दिली. दुसऱ्यांनी ईसीजी काढला आणि तो पाहून हृदयविकाराच्या झटक्याची शंका घेतली. वास्तविक ईसीजीवर दिसणारा तो उजव्या बाजूचा अडथळा, ज्याला डॉक्टर राइट बंडल ब्रांच ब्लॉक म्हणतात, फॅलोची शस्त्रक्रिया झालेल्या बहुतेक सर्वांनाच असतो. पाहायचे असते ते त्या लहरीची रुंदी किती आहे आणि ती वाढत चालली आहे का. त्यानंतर टूडी इको झाला. अहवालात ठळक अक्षरांत लिहिले होते की डाव्या कप्प्याचे कार्य 60 टक्के, म्हणजे सर्वसामान्य. आम्ही पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. मात्र माझा आजार डाव्या कप्प्यात कधी नव्हताच. उजव्या कप्प्याबद्दल त्या अहवालात एक ओळ होती आणि गळक्या झडपेचा उल्लेख नव्हता. प्रौढांचा इको करणाऱ्या डॉक्टरांची नजर डाव्या कप्प्यावर असते, कारण त्यांच्याकडे येणाऱ्या शंभरांतील नव्याण्णव जणांचा आजार तिथेच असतो. मी त्यांना दोष देत नाही. लहानपणी शिवलेले हृदय पस्तिशीत कसे दिसते, हे पाहण्याची संधीच त्यांना कोणी दिलेली नसते.

शेवटी एका परिचिताच्या सांगण्यावरून मुंबईला लहान मुलांच्या हृदयतज्ज्ञांकडे गेले. भिंतीवर कार्टूनची चित्रे, खाली प्लास्टिकची खेळणी, आणि बाळांना मांडीवर घेतलेल्या आयांमध्ये एकतीस वर्षांची मी, स्वतःसाठी नंबर लावून बसलेली. त्यांनी दहा मिनिटांत निदान केले आणि एमआरआय करायला सांगितला. उजव्या कप्प्याचे आकारमान शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे 160 मिलिलिटरच्या पुढे गेले की झडप बदलण्याचा विचार करावा, असा संकेत आहे. माझे त्याहूनही पुढे गेले होते. 2022 मध्ये नवी झडप बसली. ती प्राण्यांच्या ऊतीपासून बनवलेली आहे, साधारण 10 ते 15 वर्षे चालेल. त्यानंतरची झडप कदाचित छाती न उघडता मांडीच्या शिरेतून बसवता येईल. हे तंत्र 2000 सालापासून उपलब्ध आहे. शस्त्रक्रियेचा मोठा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाला, हे कृतज्ञतेने नमूद करते. मात्र त्या योजनेची रचना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांभोवती केलेली आहे. दाखल होण्याची वेळ येऊ नये म्हणून कराव्या लागणाऱ्या एमआरआय, होल्टर (दिवसभर अंगावर यंत्र लावून काढलेला ईसीजी) आणि इकोचा खर्च मी माझ्या पगारातून केला. ज्याला पगार नाही तो हे करणार नाही, आणि मग एक दिवस दाखल होईल.

या सगळ्या प्रवासात प्रत्येक डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न एकच विचारला : 'जुनी फाईल कुठे आहे?' 1997 मध्ये नेमके काय केले, झडप कापली की वाचवली, ठिगळ कुठवर नेले, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. आमच्याकडे डिस्चार्ज कार्ड होते. 2005 च्या पुरात घरात पाणी आले तेव्हा ते भिजून गेले. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात चौकशी केली तर इतक्या जुन्या नोंदी ठेवलेल्या नाहीत, असे उत्तर मिळाले. मी रागावले होते, पण नंतर नियम वाचला. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षे जपणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. प्रौढाच्या अपेंडिक्ससाठी हा काळ पुरेसा असेल. चौथ्या वर्षी हृदय उघडलेल्या मुलाची नोंद मात्र त्याच्या सातव्या वर्षी रद्दीत जाऊ शकते, आणि तिची खरी गरज त्याला तिसाव्या वर्षी लागणार असते. त्याच नियमांत रुग्णाने मागणी केल्यास 72 तासांत नोंदी देण्याचीही तरतूद आहे. ज्यांच्या मुलांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, त्या सर्व पालकांना माझी विनंती आहे की शस्त्रक्रियेत काय काय केले याचा संपूर्ण अहवाल, केवळ डिस्चार्ज कार्ड नव्हे, आजच मागून घ्या, मोबाइलमध्ये त्याचे फोटो काढून ठेवा आणि मूल जाणते झाले की त्याच्या हाती द्या.

आता सरकारी व्यवस्थेकडे वळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येणारी तपासणी पथके, संशयित मुलांचा इको, आणि मग शस्त्रक्रिया, ही साखळी ज्यांनी उभी केली त्यांनी असंख्य घरांचे भले केले आहे. आमच्या तालुक्यातल्या पथकातील डॉक्टर मुलाच्या छातीला स्टेथोस्कोप लावताना किती वेळ थांबतात, हे मी पाहिले आहे. पण हा कार्यक्रम जन्मापासून 18 वर्षांपर्यंतचा आहे. त्याच्या पहिल्या वर्षांत सात-आठ वर्षांच्या ज्या मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या, ती आता एकेक करून ही मर्यादा ओलांडू लागली आहेत. ज्या दिवशी ती सज्ञान होतात त्याच दिवशी ती कार्यक्रमाच्या कक्षेबाहेर जातात, आणि त्यांना पुढच्या दारापर्यंत नेणारे कोणी नाही, कारण पुढचे दारच नाही. बालहृदयतज्ज्ञ म्हणतात, आता तुम्ही मोठे झालात; मोठ्यांचे हृदयतज्ज्ञ म्हणतात, हा लहान मुलांचा आजार आहे.

इतर देशांना हा प्रश्न आपल्या आधी पडला, कारण त्यांची मुले आपल्या आधी वाचू लागली. निळ्या बाळांवरची पहिली शस्त्रक्रिया बाल्टिमोरमध्ये 29 नोव्हेंबर 1944 रोजी झाली, फॅलोची संपूर्ण दुरुस्ती 1954 मध्ये. ती मुले तरुण झाली तेव्हा लंडनच्या नॅशनल हार्ट हॉस्पिटलमध्ये डॉ. जेन सोमरव्हिल यांनी 1975 मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कक्ष सुरू केला. आज तिकडे जन्मजात हृदयदोष असलेल्यांमध्ये मुलांपेक्षा प्रौढांची संख्या अधिक आहे, आणि अमेरिकेत 2015 पासून या विषयाची स्वतंत्र तज्ज्ञता परीक्षा आहे. कॅनडातील क्युबेक प्रांतातील नोंदींवर आधारलेला एक अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. विशेष केंद्रांत तपासणी होणाऱ्या प्रौढ रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळले. आपल्या देशात दरवर्षी 2 लाखांहून अधिक बालके हृदयदोष घेऊन जन्मतात असा अंदाज आहे. अशा प्रौढांसाठी वेगळा विभाग असलेल्या संस्था मात्र मोठ्या शहरांत मोजक्याच आहेत, आणि सातारा, बुलढाणा किंवा गडचिरोलीच्या रुग्णाला त्या आहेत हेही ठाऊक नसते.

एका विषयावर मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण त्यावर कोणी उघड बोलत नाही. मुलीच्या छातीवर उभा व्रण असला की तिच्या लग्नाचा प्रश्न घरात आधी दबक्या आवाजात सुरू होतो. कोणी बंद गळ्याचे ब्लाउज शिवते, कोणी स्थळाला सांगायचे नाही असे ठरवते, कोणी तिचे लग्नच करायचे नाही असे ठरवते. माझ्या आईवडिलांनी पहिल्याच भेटीत सगळे सांगितले आणि माझ्या सासरच्यांनी ते समजून घेतले, हे माझे भाग्य. परंतु त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे, 'हिला मूल होऊ शकेल ना?' या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारे कोणीही आम्हाला भेटले नाही. 2016 मध्ये माझी प्रसूती झाली ती हृदयतज्ज्ञाच्या एकाही तपासणीविना. गर्भाच्या हृदयाचा इको साधारण 18 ते 22 आठवड्यांदरम्यान करता येतो, आणि आईला फॅलो असल्यास बाळाला हृदयदोष असण्याची शक्यता इतरांच्या सुमारे 1 टक्क्याऐवजी 3 ते 5 टक्के असते, काही जनुकीय कारण असल्यास याहून पुष्कळच जास्त, हे मला मुलगा शाळेत जाऊ लागल्यावर कळले. तो सुखरूप आहे. दुरुस्ती नीट झालेल्या माझ्यासारख्या बहुतेक स्त्रिया योग्य देखरेखीखाली बाळंतपण निभावू शकतात. याउलट ज्यांचे मोठे छिद्र वेळेवर बंद झाले नाही आणि फुप्फुसांतला दाब कायमचा वाढला, ज्याला आयझेनमेंगर म्हणतात, त्यांच्यासाठी गर्भारपण जिवावर बेतणारे असते. अशा स्थितीत आईचे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात होतात. म्हणजे जिला मूल होऊ शकते तिला नाकारले जाते आणि जिने गरोदर राहू नये तिचे लग्न गोष्ट लपवून लावून दिले जाते. दोन्हीकडे अन्याय त्या मुलीवरच होतो, आणि एका जाणकार डॉक्टरांच्या अर्ध्या तासाच्या बोलण्याने तो टळू शकतो.

अशाच एका आयझेनमेंगरच्या तरुणाशी रुग्णालयाच्या बाकावर ओळख झाली. त्याच्या गावाकडे 'रक्त घट्ट झाले आहे' म्हणून दर दोन महिन्यांनी त्याचे रक्त काढून टाकत असत. त्याच्या शरीराने कमी प्राणवायूवर मात करण्यासाठीच रक्त दाट केलेले असते. ते असे वारंवार काढल्याने लोह कमी होते आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. अशा रुग्णाला सलाईन लावताना नळीत हवेचा लहानसा बुडबुडाही राहता कामा नये, कारण तो छिद्रातून थेट मेंदूकडे जाऊ शकतो. या गोष्टींना महागडे यंत्र लागत नाही, माहिती लागते. दातांच्या बाबतीतही तेच. कृत्रिम झडप असलेल्यांना दात काढण्यापूर्वी प्रतिजैविकाची एक मात्रा घ्यावी लागते, नाहीतर जंतू झडपेवर जाऊन बसू शकतात. माझ्या गावातल्या दंतवैद्यांना हे मी सांगितले आणि त्यांनी ते आनंदाने लिहून घेतले.

विम्याबद्दल एवढेच लिहिते की माझे दोन अर्ज नाकारले गेले. दिव्यांग हक्क अधिनियम, 2016 मध्ये 21 प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश आहे, त्यांत रक्ताचे काही आजार आहेत, पण हृदयदोष नाही. दोन जिने चढून न जाऊ शकणारी व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने धडधाकट ठरते.

राज्याच्या आरोग्य विभागाकडे आणि वैद्यकीय शिक्षण विभागाकडे माझे मागणे फार मोठे नाही. नवे रुग्णालय कोणी मागत नाही. प्रत्येक महसुली विभागातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात महिन्यातून एक दिवस तरी अशा प्रौढांसाठी बाह्यरुग्ण विभाग असावा, आणि त्या दिवशी बालहृदयतज्ज्ञ, मोठ्यांचे हृदयतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ एकाच खोलीत बसावेत. जिथे बालहृदयतज्ज्ञ नाहीत तिथे ते मुंबई-पुण्याहून पडद्यावर हजर राहू शकतील. बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती अठराव्या वर्षी एक कागद द्यावा, ज्यावर त्याच्या दोषाचे नाव, झालेली शस्त्रक्रिया, हृदयाची साधी आकृती, पुढच्या तपासणीची तारीख आणि ठिकाण मराठीत व इंग्रजीत लिहिलेले असेल, आणि तोच त्याच्या आभा क्रमांकाशी, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य ओळख क्रमांकाशी, जोडलेला असेल. हृदय शस्त्रक्रियेच्या नोंदी किमान रुग्णाच्या हयातीपर्यंत जपण्याचा नियम व्हावा. आणि एमआरआयसारख्या ठराविक तपासण्यांचा खर्च रुग्णाला दाखल न करताही योजनेतून व्हावा. यांतील कागदाचे काम तर उद्यापासून सुरू करता येईल, त्याला छपाईखेरीज खर्च नाही.

वाचकांनी घाबरून जाऊ नये, हेही सांगितले पाहिजे. फुप्फुसधमनी व महाधमनी यांना जोडणारी जन्मावेळची नलिका लहानपणीच बंद केलेली असेल, किंवा वरच्या कप्प्यांमधले छिद्र वेळेवर मिटवलेले असेल, तर अशी बहुतेक माणसे इतरांसारखेच आयुष्य जगतात. परंतु ज्यांच्या छातीच्या मधोमध किंवा डाव्या पाठीवर बगलेखाली बालपणीचा व्रण आहे आणि ज्यांना तो कशाचा हे नीटसे ठाऊक नाही, त्यांनी त्रास नसला तरी एकदा जन्मजात हृदयदोषांच्या जाणकारांकडे जाऊन यावे.

दर 14 फेब्रुवारीला मधुबालाच्या जन्मदिनानिमित्त वृत्तपत्रांत लेख येतात. तिच्या हृदयाला जन्मतः छिद्र होते आणि 1969 मध्ये 36 व्या वर्षी ती गेली. योगायोगाने हाच दिवस अनेक देशांत जन्मजात हृदयदोष जागृती दिन म्हणून पाळला जातो. मी आता पस्तीस वर्षांची आहे. तिच्या काळात जे उपलब्ध नव्हते ते मला मिळाले, माझ्याबरोबर त्या वॉर्डात असलेल्या मुलांपैकी किती जणांना मिळाले हे मला माहीत नाही. आपल्या जिल्हा वार्ताहरांनी पुढच्या वेळी त्या बसचे छायाचित्र काढायला जाताना जिल्हा शल्यचिकित्सकांना एक प्रश्न अवश्य विचारावा : 2013 पासून शस्त्रक्रिया झालेली किती मुले आता अठरा वर्षांवरील आहेत, आणि त्यांच्यापैकी किती जणांची गेल्या वर्षभरात तपासणी झाली? मिळेल ते उत्तर कृपया छापावे.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
जि. सातारा
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)